ताम्रपटाच्या चतुःसीमेवर : मोहगाव ते लोधीखेडा

शके ८६२ मध्ये, म्हणजे इसवी सन ९४० साली, राष्ट्रकूट राजा तिसरा कृष्ण यानं आपला भाऊ जगत्तुंग याच्या पुण्यासाठी एक गाव दान दिलं आणि त्या दानाचा ताम्रपट कोरवून घेतला. हा ताम्रपट वर्धा जिल्ह्यातल्या देवळी गावी सापडला. रा. गो. भांडारकरांनी तो वाचून प्रसिद्ध केला. दान दिलेलं गाव ‘नागपूर-नंदिवर्धन’ या विषयातलं, म्हणजे त्या काळच्या जिल्ह्यातलं होतं, असं त्यात म्हटलं आहे. त्यामुळे नागपूरचा जुना उल्लेख म्हणून तो ताम्रपट विदर्भात सगळ्यांना ठाऊक असतो. मला ओढ लागली ती त्याच्या पुढच्या ओळींची. दान दिलेल्या गावाची चतुःसीमा त्यात दिली आहे. गाव तालपुरुंषक. त्याच्या चार सीमांपैकी तीन अशा : पश्चिमेला मोहमग्राम, उत्तरेला वध्रीर, दक्षिणेला कन्हाना नदी.

अभ्यासकांनी कन्हाना म्हणजे आजची कन्हान, मोहमग्राम म्हणजे मोहगाव आणि वध्रीर म्हणजे बेरडी, अशी ओळख पटवली. मोहगाव आणि बेरडी ही दोन्ही गावं आज मध्य प्रदेशातल्या सौंसर तालुक्यात आहेत. म्हणजे तालपुरुंषक मोहगावच्या पूर्वेला, बेरडीच्या खालच्या अंगाला आणि नदीच्या वरच्या अंगाला असणार. लोधीखेडा याच पट्ट्यात येतं. तालपुरुंषक हे नाव मात्र आता या परिसरात कुठे ऐकू येत नाही.

हजार वर्षांपूर्वीच्या राजाज्ञेतल्या तीन खुणा नकाशावर सापडत असतील तर त्या पायानं जोडून पाहता येतील का, एवढाच माझा प्रश्न होता. इंग्लंडमध्ये याच दहाव्या शतकातल्या सॅक्सन राजांच्या दानपत्रांत ओढा, टेकडी, जुनं झाड अशा क्रमानं गावांच्या सीमा लिहिलेल्या आहेत, आणि हौशी लोक ती दानपत्रं हातात घेऊन आजही त्या सीमांवरून चालतात. आपल्याकडे ताम्रपट शेकड्यांनी आहेत, नद्या आहेत, गावांची नावंही बऱ्याच ठिकाणी टिकून आहेत. फक्त तिथून चालण्याची सवय आपण लावून घेतलेली नाही.

नागपूरहून सावनेर, केळवदमार्गे छिंदवाड्याकडे निघालं की राज्याची हद्द ओलांडल्यावर लगेच लोधीखेडा, मग सौंसर, मग रामाकोना, आणि त्यानंतर सिल्लेवानीचा घाट. घाट चढला की छिंदवाड्याचं पठार. इंग्रजी अमदानीतल्या गॅझेटियरमध्ये या जिल्ह्याचे दोन भाग दिले आहेत : घाटावरचा बालाघाट आणि घाटाखालचा जेरघाट. जेरघाट म्हणजेच सौंसर-पांढुर्ण्याचा हा सखल, काळ्या मातीचा, नागपूरच्या मैदानाला लागून असलेला मुलूख. माणसं मराठी बोलतात, पोळा आणि मारबत इथलेच सण, जेवणात ज्वारीची भाकर आणि वांग्याची तर्रीदार भाजी. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली, नागपूर आणि विदर्भाचे बाकीचे जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि छिंदवाडा जिल्हा या मराठी पट्ट्यासकट मध्य प्रदेशात राहिला. २०२३ मध्ये पांढुर्णा आणि सौंसर हे दोन तालुके मिळून वेगळा पांढुर्णा जिल्हा झाला. दुकानांच्या पाट्या हिंदीत, दुकानाच्या आतली बोलणी मराठीत, हे इथे रोजचं आहे.

या मुलखाला आकार दिला तो नद्यांनी. पांढुर्ण्याच्या पलीकडे मुलताईला तापी उगम पावते आणि पश्चिमेला जाते. मुलताई तालुक्यातच वर्धा नदीचा उगम आहे. कन्हान सातपुड्याच्या दक्षिण उतारावरून निघून रामाकोन्याहून खाली येते. आणि जाम पांढुर्ण्याहून पूर्वेकडे वाहत सौंसर, लोधीखेडा करत शेवटी कन्हानला मिळते. (काटोलकडची जाम वेगळी, ती वर्धेला मिळते.) पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्णा आणि सावरगाव यांच्यामध्ये जी गोटमार, म्हणजे एकमेकांवर दगडफेक, होते, ती याच जामच्या पात्रात. बाहेरच्या जगाला जाम माहीत आहे ती त्या एका दिवसामुळे. उरलेलं वर्षभर ती संत्र्याच्या बगीच्यांना पाणी देत वाहते, याची बातमी होत नाही.

चालायला सुरुवात मोहगावपासून करावी. ताम्रपटातली पश्चिम सीमा तीच, आणि जामच्या वाहत्या दिशेनं चाललं की ऊनही सकाळ सोडली तर पाठीवर राहतं. सौंसरला राहणारे एक निवृत्त गुरुजी माझ्यासोबत होते. त्यांचं बालपण मोहगावात गेलेलं, त्यामुळे वाट विचारायची वेळ क्वचितच आली.

मोहगाव हवेली हे जुनं, दाट वस्तीचं गाव. मातीच्या जाड भिंतींची घरं, लाकडी खांबांचे ओसरे, मधूनच सिमेंटची दुमजली इमारत. गावाला लागून सर्पा नदी. काठावर अर्धनारीश्वराचं मंदिर आहे. एकाच पिंडीत शिव आणि पार्वती, म्हणून हे अर्धनारीश्वर ज्योतिर्लिंग, आणि दैत्यगुरू शुक्राचार्यांनी त्याची स्थापना केली, अशी इथली श्रद्धा. महाशिवरात्रीला आणि श्रावणात इथे पाय ठेवायला जागा नसते. मी गेलो तेव्हा पौष होता आणि सभामंडपात तीन-चार बायाच बसलेल्या. एकीनं पिंडीजवळ बोलावून दिवा पुढे धरला आणि बोट ठेवून दाखवलं, “इकडचा भाग महादेवाचा, हा पार्वतीचा. नीट पाहा जी, रंग एक नाही.” दिव्याच्या उजेडात दगडाच्या दोन भागांतला फरक हलका दिसत होता. अभिषेकानं दगड इतका गुळगुळीत झालेला की दिव्याची ज्योत त्यात उलटी उमटत होती.

देवळाचं वय सांगणारा शिलालेख मला दिसला नाही, आणि रंगाच्या थरांखाली जुन्या बांधकामाचं काय उरलं आहे हे वरवर पाहून सांगणंही बरोबर नाही. पण गावाचं जुनेपण देवळावर अवलंबून नाही. ताम्रपटात मोहगावचा उल्लेख येतो तो सीमा सांगण्यासाठी. ज्या गावाचा शेजार सांगितला की दुसऱ्या गावाची जागा कळते, ते गाव त्या वेळीच जुनं आणि सगळ्यांना माहीत असलेलं असणार. राष्ट्रकूटांचा वावर या भागात होता याला दुसराही पुरावा आहे : छिंदवाड्याजवळच्या निळकंठी गावातल्या खांबावर याच तिसऱ्या कृष्णाचा लेख आहे. त्याही आधी, पाचव्या शतकातल्या वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याचे ताम्रपट खुद्द पांढुर्ण्याला सापडले; वा. वि. मिराशींच्या वाकाटक लेखांच्या संग्रहात ते आहेत. नंदिवर्धन ही वाकाटकांची राजधानी, म्हणजे रामटेकजवळचं नगरधन. तिथून पांढुर्ण्याकडे यायचं तर कन्हान ओलांडावी लागे.

मोहगाव सोडलं की वाट पांदणीनं जाते. दोन्ही बाजूंना काटेरी कुंपण, मध्ये बंडीच्या चाकोऱ्या, पावसाळ्यात हीच पांदण नाल्यासारखी वाहत असणार. कापसाची शेवटची वेचणी चाललेली होती. पऱ्हाटी वाळून तपकिरी झालेली, तिच्यात तुरीचे हिरवे-पिवळे पट्टे. वावराच्या धुऱ्यावरून नदीकडे उतरायचं असेल तर कोणी हटकत नाही, पण विचारून उतरावं. एका बाईनं डोक्यावरचा कापसाचा गठ्ठा खाली ठेवला आणि गुरुजींना विचारलं, “पायदळ काहून चालले जी गुरुजी? सडकेनं ऑटो भेटते न.” गुरुजींनी सांगितलं, पाहुण्यांना नदी पाहायची आहे. “नदी तं पुलावरूनबी दिसते,” ती म्हणाली, आणि मग स्वतःच पुढे होऊन उतार कुठे सोपा आहे ते दाखवत पात्रापर्यंत आली.

जानेवारीत जामचं पात्र अर्धं उघडं असतं. काळ्या कातळाची पायरी, मग रेतीचा पट्टा, मग पुन्हा डोह. काठावर करंज, उंबर आणि अर्जुनाची झाडं. जिथे माती खचली आहे तिथे बेशरमाची दाटी. खंड्या आणि पाणकावळे प्रत्येक डोहावर दिसतात. टिटवी माणूस दिसला की ओरडत पुढे पुढे जाते आणि आपण तिच्या हद्दीबाहेर गेलो की गप्प होते. पाण्याच्या कडेनं सलग वाट नाही. कुठे गुरांची वाट, कुठे पंपाच्या पाइपालगतची पायवाट, कुठे सरळ रेतीतून. पाइपांवर लक्ष ठेवून चालावं लागतं, कारण दर शंभर-दोनशे पावलांवर कुणाचा तरी पंप नदीत उतरलेला असतो. या खोऱ्यातलं सगळं अर्थकारण त्या पाइपांतून वर चढतं.

वर संत्री आहेत. नागपूरची म्हणून बाजारात जाणाऱ्या संत्र्यांतली कितीतरी या दोन तालुक्यांतली असतात. संत्र्याचं झाड वर्षातून दोनदा बहर घेऊ शकतं : थंडी संपताना येणारा आंबिया आणि पावसाच्या तोंडाशी येणारा मृग. आंबियाची फळं हिवाळ्यात तोडतात, मृगाची उन्हाळ्याच्या सुरुवातीला. कोणता बहर धरायचा हे शेतकरी पाण्यावर ठरवतो. विहिरीला उन्हाळ्यात पाणी टिकणार असेल तर आंबिया, नाहीतर झाडाला ताण देऊन मृग. नदीकाठच्या बगीच्यात आम्ही शिरलो तेव्हा आंबियाची उरलेली तोडणी चालू होती. बायका फळ ओढून काढत नव्हत्या. देठाशी छोट्या कात्रीनं कापत होत्या, कारण देठ उपटला की सालीला भोक पडतं आणि एक सडकं फळ सगळं कॅरेट घेऊन बसतं. झाडांचे बुंधे जमिनीपासून हात-दीड हात उंचीपर्यंत निळसर पांढरे रंगवलेले. चुना आणि मोरचूद यांचं ते बोर्डो मलम. डिंक्या रोगानं बुंध्यातून डिंक वाहू लागला की संत्र्याचं झाड दोन-तीन वर्षांत वाळतं, त्यावरचा हा उपाय. मालक वयानं लहान होता, तिशीतला. त्यानं ढिगातलं मोठं फळ बाजूला सारून लहान, सैल सालीचं उचलून दिलं. “मोठं दिसाले चांगलं भाऊ, खायाले हे घ्या.” त्याचं खरं होतं.

जामसावळीचं हनुमान मंदिर हे या वाटेवरचं सर्वात गजबजलेलं ठिकाण. इथला मारुती आडवा आहे, पिंपळाखाली निजलेला. मूर्ती आधी उभी होती. पुरलेलं धन चोरायला चोर आले तेव्हा मारुती धनावर आडवा झाला, असं सांगतात. मूर्तीच्या नाभीतून झिरपणारं पाणी तीर्थ म्हणून देतात आणि ते घेण्यासाठी आजारी माणसांना लांबून आणलं जातं. नागपूर, अमरावती, बैतूल, छिंदवाडा, सगळीकडून लोक येतात. मंगळवारी आणि शनिवारी तर गाड्यांची रांग रस्त्यापर्यंत पोचते. २०२३ मध्ये इथे ‘हनुमान लोक’ नावाच्या मोठ्या बांधकामाचं भूमिपूजन झालं. मोठे दरवाजे, मोकळी प्रांगणं, दुकानांच्या ओळी अशी ती कल्पना आहे. गर्दीला सोयी हव्यातच. पण ज्या पिंपळाखाली देव आहे त्याच्या मुळांना आणि ज्या नदीकाठी देऊळ आहे तिच्या काठाला मोकळं ठेवणं हीसुद्धा सोयच आहे, आणि तिकडेही तितकंच लक्ष जायला हवं असं मला तिथे उभं राहून तीव्रतेनं वाटलं.

मला इथे आवडतो तो देवळामागचा परिसर. नवस फेडायला आलेली कुटुंबं झाडाखाली गोवऱ्या पेटवून रोडगे भाजतात. जाडसर दळलेल्या गव्हाच्या पिठाचे मुठीएवढे गोळे, निखाऱ्यात पुरून भाजायचे, राख झटकायची, फोडून त्यात तूप घालायचं. सोबत वांग्याची भाजी आणि वरण. आम्ही नुसते वाटेनं चाललो होतो तरी एका कुटुंबानं हाक मारून बसवलं. ते पांढुर्ण्याकडचे होते. घरच्या आजीनं माझ्या पानात दुसरा रोडगा ठेवत विचारलं, “नागपूरचे का तुम्ही?” हो म्हटल्यावर म्हणाली, “मंग तं आपलेच.” छप्पन साली आखलेली राज्याची रेघ या पंगतीत कुठे दिसत नाही. पोरीबाळी नागपुरात दिलेल्या, इकडच्या दवाखान्याची चिठ्ठी घेऊन माणसं नागपूरला जातात, संत्री नागपूरच्या कळमना बाजारात जातात.

सौंसरला मुक्काम करावा. तालुक्याचं गाव, बाजारपेठ मोठी, साध्या खोल्या मिळतात. पण सौंसरचं नाव जगातल्या भूशास्त्रज्ञांना माहीत आहे ते दुसऱ्याच कारणानं. छिंदवाड्यापासून नागपूर, भंडारा करत बालाघाटपर्यंत धनुष्याकृती पसरलेल्या, मँगेनीज असलेल्या अतिप्राचीन खडकांच्या मालिकेला ‘सौंसर समूह’ म्हणतात. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे एल. एल. फर्मोर विसाव्या शतकाच्या सुरुवातीला या भागात हिंडले. इथल्या मँगेनीजयुक्त खडकाला त्यांनी गोंड लोकांवरून ‘गोंडाइट’ हे नाव दिलं, ते आजही जगभर वापरात आहे. तेव्हाच्या छिंदवाडा जिल्ह्यातल्या सीतापार गावावरून त्यांनी एका खनिजाला ‘सीतापाराइट’ म्हटलं. ते बिक्सबाइट हेच खनिज असल्याचं पुढे सिद्ध झालं आणि ते नाव मागे पडलं. कच्छीढाना, गोवारी वढोणा या सौंसरजवळच्या खाणी याच मालिकेतल्या.

गुरुजींनी घरातून एक दगड आणून माझ्या हातात दिला. मुठीएवढाच, पण हात खाली ओढला जावा इतका जड. रंग काळा, एका बाजूला चकाकी, आणि बोटांवर काजळी उतरली. “शाळेत भूगोल शिकवताना हाच फिरवायचो वर्गात,” ते म्हणाले, “पोरांचे हात काळे झाले की त्यांना मँगेनीज पाठ व्हायचं.” अर्धनारीश्वराचं देऊळ, राष्ट्रकूटांचं दान, वाकाटकांचे ताम्रपट यांना आपण प्राचीन म्हणतो. हा दगड जेव्हा तयार झाला तेव्हा पृथ्वीवर झाडं नव्हती, मासे नव्हते. त्याच्यावर कोट्यवधी वर्षांनी लाव्हा येऊन बसला, तीच नदीच्या पात्रातली काळी पायरी. या खोऱ्यात चालणाऱ्यानं या दोन्ही दगडांकडे पाहावं. एकावर आपली शेती उभी आहे आणि दुसऱ्यावर खाणी.

सौंसरहून लोधीखेड्यापर्यंत नदीच्या कडेनं जाणं सोपं आहे, कारण रस्ता, रेल्वे आणि नदी इथे एकमेकांपासून फार लांब जात नाहीत. वाट चुकली तर आगगाडीची शिट्टी दिशा सांगते. या मार्गावर १९१३ पासून सातपुड्याची छोटी गाडी धावत होती, अडीच फूट रुंदीच्या रुळांवर. रुंदीकरणासाठी ती २०१५ मध्ये बंद झाली आणि २०२१ मध्ये नागपूर ते छिंदवाडा मोठा मार्ग पुरा झाला. गुरुजींच्या पिढीच्या आठवणी छोट्या गाडीच्या आहेत : दूधवाले, भाजीवाल्या, दारात लटकलेली कॉलेजची मुलं.

याच टप्प्यात बेरडी येतं. साधं शेतकऱ्यांचं गाव. हनुमानाचं देऊळ, पार, शाळा, किराणा दुकान. पारावर बसलेल्या दोघा-तिघांना मी विचारलं, तुमच्या गावाचं नाव हजार वर्षांपूर्वीच्या ताम्रपटात आहे असं अभ्यासक म्हणतात, ते माहीत आहे का? नव्हतं. मी चतुःसीमा वाचून दाखवली. उत्तरेला वध्रीर. एक वयस्क शेतकरी लक्ष देऊन ऐकत होते. ते घरात गेले आणि प्लॅस्टिकच्या पिशवीतून आपल्या वावराच्या खरेदीचा कागद घेऊन आले. पूर्वेला अमक्याचं वावर, पश्चिमेला पांदण, दक्षिणेला नाला, उत्तरेला तमक्याचा बगीचा. “असंच आहे न हे?” त्यांनी विचारलं. अगदी असंच होतं. राजा जाऊन पटवारी आला, तांब्याच्या पत्र्याच्या जागी मुद्रांकाचा कागद आला, पण जमीन कुठली हे सांगायची रीत जशीच्या तशी राहिली. या सगळ्या चालण्यात मला सर्वात मोलाचं काय मिळालं असेल तर बेरडीच्या पारावरचा तो कागद.

लोधीखेडा जामच्या काठी आहे. गॅझेटियरमध्ये या गावाचं कौतुक तांब्यापितळेच्या भांड्यांसाठी आणि हातमागाच्या जाड्याभरड्या कापडासाठी केलेलं आहे. घाटावरच्या मुलखाला आणि नागपूरच्या बाजाराला दोन्हीकडे माल जाईल अशा जागी हे गाव वसलेलं. नदी ओलांडायला सोपी, सडक गावातून गेलेली, आठवड्याचा बाजार. आता जवळच बोरगावला औद्योगिक वसाहत आहे. रेमंडचा कापडाचा कारखाना तिथलाच. हातमागाच्या गावाशेजारी जगभर सुटाचं कापड पाठवणारी गिरणी यावी, यात मला एक सलगता दिसते. विणायची कला हातातून यंत्रात गेली, गावकऱ्यांची पाळी मात्र त्या कामावर अजून लागते.

जुनी भांडी पाहायची म्हणून गुरुजी मला त्यांच्या नात्यातल्या एका घरी घेऊन गेले. माजघरात फळीवर उतरंड होती. मावशींनी खालचा पितळी गुंड आणि एक गडवा उतरवून दिला. गुंडाच्या पोटावर हातोडीचे ठोके एकाला एक लागून, ओळीनं गळ्याकडे चढत गेलेले. उजेडात धरला की प्रत्येक ठोका वेगळा चमकतो. हे ठोके नक्षीसाठी मारलेले नसतात. ठोकून पत्रा घट्ट होतो, म्हणून भांडं पिढ्यान्‌पिढ्या पोचे न पडता टिकतं. गडव्याचा तळ वेगळा करून जोडलेला, पण सांधा बोटाला लागतच नाही. “सासूबाईच्या लग्नातला आहे,” मावशी म्हणाल्या. “कल्हई करणारा आता येत नाही, म्हणून वापरत नाही. पण मोडीत देणार नाही.” मोरी प्लॅस्टिकच्या बादल्यांनी भरली असली तरी त्या घरानं ही दोन भांडी जपली आहेत. लोधीखेड्याचं नाव ज्या कामानं झालं त्याचा एक छोटा संग्रह गावातच, शाळेच्या एखाद्या खोलीत, सहज उभा राहू शकेल. घरोघरी वस्तू आहेत. त्या मोडीत जाण्याआधी कोणीतरी हे काम हाती घ्यायला हवं.

गावाच्या पुढे जाम कन्हानकडे वळते. ताम्रपटातली दक्षिण सीमा ती हीच कन्हान. कन्हानचं पात्र जामच्या कितीतरी पट रुंद, रेती पांढरी आणि बारीक. रेतीत डांगरवाड्यांची तयारी सुरू होती : खड्डे ओळीत खणलेले, तळाशी शेणखत, वाऱ्याला अडवायला तुऱ्हाट्यांचे आडोसे. फाल्गुन-चैत्रात इथे टरबूज, डांगर, काकडी येईल. त्याच रेतीत पलीकडे ट्रॅक्टरच्या चाकांचे खोल ठसेही होते. रेती उपसली की डांगरवाडी जाते, काठ ढासळतो आणि पंपाचं पाणी खोल जातं, हे इथल्या प्रत्येक शेतकऱ्याला कळतं. हे पाणी पुढे कामठीजवळ नागपूरकरांच्या नळाला लागतं, मग वैनगंगेला, प्राणहितेला आणि गोदावरीला मिळतं. नागपूरकरांनी तरी ही नदी आपली म्हणून वर येऊन एकदा पाहावी.

जाणाऱ्यांसाठी चार गोष्टी. दिवाळीनंतर जावं आणि होळीच्या आत परतावं. पावसाळ्यात जाम एका रात्रीत चढते आणि पात्रातली वाट राहत नाही. मोहगाव ते लोधीखेडा हे वळणावळणानं वीस-पंचवीस किलोमीटर होतं, सौंसरला मुक्काम ठेवला तर दमछाक होत नाही. पाण्याची बाटली आणि तळ न घसरणारे बूट हवेत, कातळ शेवाळलेला असतो. वावरातून जाताना मालकाला विचारावं, पाइपांवर पाय देऊ नये, फळाला हात लावू नये. मागितलं तर मिळतंच. पूर्ण चालणं जमत नसेल तर बेरडी ते लोधीखेडा एवढा तुकडा तरी चालावा, आणि चालताना ताम्रपटातल्या सीमा सोबत लिहून घ्याव्यात.

मोहगाव, बेरडी आणि लोधीखेडा इथल्या ग्रामस्थांनी आणि पंचायतींनी मनावर घेतलं तर तीन साध्या पाट्या लावायला फार खर्च येणार नाही. मराठीत आणि हिंदीत, शके ८६२ च्या दानाची, चतुःसीमेच्या ओळींची. या खोऱ्यात नदीकाठची वाट आधीच आहे, लोक रोज तिच्यावरून जातात. तिच्यावर फक्त तिचा इतिहास लिहायचा आहे.